अंगण नसलेल्यांचा सण

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावात पोळा हा दावणीला बैल असलेल्या घराचा सण असतो. भाऊबीजेला ओवाळायला बहीण लागते, नागपंचमीला माहेर लागते, दिवाळसणाला सासर लागते. आपले बहुतेक सण असे नात्यांच्या आधाराने उभे आहेत आणि त्यातच त्यांचा गोडवा आहे. पण दुष्काळात किंवा साथीत ज्याची सगळी नाती तुटली, त्या मुलाला आपले एकटेपण सणाच्याच दिवशी सर्वांत जास्त बोचते. म्हणून अनाथ मुलांच्या संस्थेतला उत्सव ही वरकड हौस आहे, अन्न-वस्त्र-शिक्षण भागल्यावर उरलेल्या पैशांतून करायची गोष्ट आहे, हे मत मला मान्य नाही. मुलाला आपलेपणाची जागा मिळवून देणे हे अशा संस्थेचे मूळ काम आहे आणि ती जागा मिळाली की नाही, हे उत्सवातच दिसते. पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन हा या म्हणण्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे.

रमाबाईंना पोरकेपण पुस्तकातून कळले नव्हते. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीने १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गमावले आणि भाऊ श्रीनिवास याच्यासोबत पायी देश तुडवला. पुढे भाऊ गेला, आणि १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी हेही गेले. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या. इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, अमेरिकेत बालशिक्षणाची फ्रोबेलची पद्धत अभ्यासली आणि परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. त्या समारंभाचे अध्यक्षपद काशीबाई कानिटकरांनी भूषविले. त्या काळी विधवेला हळदीकुंकवात स्थान नव्हते, मंगलकार्यात तिने समोर येणेही अशुभ मानले जाई. अशा स्त्रियांसाठी काढलेल्या संस्थेचा आरंभच एका स्त्रीच्या अध्यक्षतेखालच्या जाहीर समारंभाने व्हावा, यातच त्या सुधारणेचा गाभा आला. सदनात विधवा म्हणून प्रथम दाखल झालेल्या गोदूबाई नातू यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, तोही ११ मार्चलाच, १८९३ साली. समाजाने ज्यांना मंगलकार्याबाहेर उभे केले होते, त्यांच्यातली एक आता नवरी झाली होती.

केडगावचा अध्याय दुष्काळातून सुरू झाला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात फिरून रमाबाईंनी सुमारे ३०० मुली-स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, त्यामुळे त्यांना केडगावच्या शेतावर न्यावे लागले. तिथे १८९८ मध्ये मुक्ती सदन उभे राहिले. १९००च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन अशा शाखा वाढत गेल्या. शेती, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना ही कामे आश्रमातल्या स्त्रियाच करीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेल्या बायबलची छपाईही याच छापखान्यातली. ही यादी मुद्दाम दिली, कारण उत्सवाचा अर्थ तिच्याशिवाय लागत नाही. जिने स्वतः पेरले, विणले, खिळे जुळवले, ती नाताळच्या पंगतीत दान घ्यायला बसत नाही. ती त्या घरची यजमान असते. ज्या आश्रमात मुलाच्या हाताला काम नाही आणि शब्दाला किंमत नाही, तिथे कितीही मोठा केक कापला तरी तो दिवस पाहुण्यांचाच राहतो.

पहिला आक्षेप धर्माचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. उत्सव हे धर्मांतराचे साधन होते, असे म्हटले जाते. १८९३ मध्ये शारदा सदनावर याच कारणाने वादळ उठले. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, टिळकांच्या ‘केसरी’ने कडक टीका केली, पालकांनी मुली काढून नेल्या. या शंकेला आधार नव्हता, असे मी म्हणणार नाही. मुक्ती मिशन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तिथे मोठ्या संख्येने बाप्तिस्मे झाले. ज्याला दुसरा आसराच नाही, त्याची संमती पूर्ण मोकळी असते का, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे. मुलाने आणलेली श्रद्धा संस्थेने जपलीच पाहिजे. पण याच प्रश्नाची दुसरी बाजू आपण विसरतो. त्या मुलींना कोणत्याही अटीविना आपल्या अंगणात घ्यायला आपल्यापैकी कितीजण पुढे आले होते? परकेपणाचा आरोपही पुरता टिकत नाही. रमाबाईंनी पांढरे लुगडे सोडले नाही, शाकाहार सोडला नाही, आश्रमाची राहणी देशीच ठेवली. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या-शंकरपाळे होतात, दारावर चांदणी लागते आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने टाळांवर गायली जातात. मराठवाड्यालाही हे नवे नाही. परभणीच्या शेजारी, जालन्याजवळ, नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकातच बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले होते.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. असे उत्सव मुलांसाठी नसून देणगीदारांसाठी असतात, आणि मुलांना नटवून, नाचवून छायाचित्रांत उभे केले जाते, असा तो आहे. अनेक ठिकाणी हे खरे आहे, मग संस्था कोणत्याही धर्माची असो, इथली असो की परदेशातली. पण यावर उपाय उत्सव बंद करणे हा नाही, त्याची मालकी बदलणे हा आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही. वाढदिवस साजरा करायला आश्रमात जाऊन मुलांसोबतचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे. तिसरा आक्षेप असा की मूल कुटुंबातच वाढावे, आश्रमात नव्हे. हे मला पूर्ण मान्य आहे. हाच कायदा संस्थेतल्या संगोपनाला शेवटचा पर्याय मानतो. परंतु तो शेवटचा पर्याय ज्यांच्या वाट्याला आला, त्यांचे बालपण चांगल्या धोरणाची वाट पाहत थांबून राहत नाही. केडगावला मुली लहान कुटुंबांसारख्या गटांत, आईच्या जागी असलेल्या स्त्रीच्या देखरेखीखाली राहतात. मोठ्या उत्सवाला अर्थ येतो तो अशा रोजच्या छोट्या घरपणामुळे.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या पंचांगात ५ एप्रिल आणि इंग्लंडच्या चर्चच्या पंचांगात ३० एप्रिल हा त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. परक्या देशांनी त्यांना आपल्या सणावारांत बसवले आणि आपण त्यांना धर्मांतराच्या वादात अडकवून ठेवले, हे आपल्याला शोभणारे नाही. त्यांच्या धर्माशी सहमत न होताही त्यांच्या कामाचा धडा घेता येतो. झरीत किंवा परभणीत, जवळपासच्या कुठल्याही बालगृहातून सणाचे बोलावणे आले, तर जरूर जा. जाताना मोबाइल खिशात ठेवा, मुलांनी वाढलेले त्यांच्या पंगतीत बसून जेवा आणि पुढच्या सणाला त्यांना आपल्या अंगणात बोलवा.