काळ्या कातळात प्लॅटिनम का नाही?

शिरपूरहून उत्तरेला सातपुड्याकडे निघालं, की तापीचा गाळ मागे पडतो आणि काळा कातळ सुरू होतो. हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा. धुळे-नंदुरबारच्या रानांत मैलोन्‌मैल गेलेल्या अरुंद, सरळ टेकड्या म्हणजे डाईक, तेव्हा भेगांतच थिजलेला शिलारस. अशाच लाव्ह्याच्या मुलखात, सैबेरियातल्या नोरिल्स्कला, निकेल-तांब्याबरोबर पॅलेडियम आणि प्लॅटिनमही निघतं. मग आपल्याकडे का नाही?

उत्तर गंधकात आहे. बेसाल्टमध्ये प्लॅटिनम असतंच, पण टनामागे जेमतेम काही मिलिग्रॅम. शिलारसात गंधक मावेनासं झालं, की सल्फाइडचे, म्हणजे गंधक-धातूंच्या संयुगाचे, जड थेंब सुटे होतात आणि ताकातून लोणी गोळा व्हावं तसं प्लॅटिनम त्यांच्यात जमा होतं. नोरिल्स्कच्या शिलारसाला वाटेतल्या खडकांनी गंधक पुरवलं. रीड कीज आणि पीटर लाइटफूट या भूवैज्ञानिकांनी २०१० मध्ये दोन्हीकडचे लाव्हे तपासले. सैबेरियातल्या काही थरांतून निकेल, तांबं, प्लॅटिनम निघून गेलेलं होतं. दख्खनमध्ये ते जागच्या जागी विखुरलेलं होतं. धातू होता, तो गोळा करणारं गंधक पुरेसं नव्हतं.

गंधक जिथे पुरेसं होतं, तिथे कूपराइटसारखी खनिजं तयार झाली. दक्षिण आफ्रिकेत हान्स मेरेन्स्की यांनी १९२४ मध्ये शोधलेल्या थरात हे प्लॅटिनम सल्फाइड मिळतं. रंग पोलादी करडा, वजन पाण्याच्या साडेनऊ पट, पण कण इतके बारीक की पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. त्याच्याच जवळचं ब्रॅगाइट १९३२ मध्ये क्ष-किरणांमुळे ओळखू आलं, म्हणून त्याला क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना उलगडणाऱ्या ब्रॅग पितापुत्रांचं नाव मिळालं.

इतक्या नामांकित थरातही टनामागे प्लॅटिनम गटातले धातू अवघे चार-सहा ग्रॅम. दगड पिठासारखा दळायचा, रसायनं घातलेल्या पाण्यात हवा सोडून सल्फाइडचा फेस वर काढायचा, तो भट्टीत वितळवायचा, लोखंड, निकेल, तांबं वेगळं करायचं; प्लॅटिनम हाती लागतं ते सगळ्यात शेवटी.

एवढ्या खटपटीने मिळवलेल्या या धातूचा मोठा वाटा वाहनांच्या धुराड्यात जातो, विषारी वायूंना कमी घातक करायला. तिथे हे काम करणाऱ्या जुन्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आतल्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीत टनामागचं प्रमाण खाणीतल्या दगडाच्या कैक पट असतं. शिरपूरला प्लॅटिनमचा शोध घ्यायचाच असेल, तर सातपुड्यापेक्षा मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या भंगारात घ्यावा.