एकाचं अनेकांना, अनेकांचं एकाला

दैनिकाच्या पुरवणी विभागात काही काळ काढला की सिंडिकेटचा मजकूर लगेच ओळखू येतो. तो वेळेआधी हजर असतो, मापात बसतो आणि त्यात आपल्या गावाचा मागमूस नसतो. एकच चित्रपट्टी शेकडो वर्तमानपत्रांना विकायची, खप बघून दर लावायचा, असा हा धंदा. अमेरिकेत हर्स्ट यांच्या किंग फीचर्स सिंडिकेटने तो १९१५ पासून केला. ली फॉक यांचा फँटम १९३६ साली तिथूनच निघाला आणि पुढे इंद्रजाल कॉमिक्समध्ये मराठीत ‘वेताळ’ झाला. डेस्कवर उरतं ते फुगे मराठीत भरणं, मजकूर जागेत बसवणं आणि सिंडिकेटचं श्रेय न विसरणं.

बँकांच्या कर्ज-सिंडिकेशन विभागात वाहतूक उलटी. तिथे घेणारा एक, देणारे अनेक. महामार्गाचं किंवा वीजप्रकल्पाचं हजारो कोटींचं कर्ज एकाच बँकेने दिलं, तर बुडाल्यावर तीच बुडते. म्हणून एक बँक ‘अरेंजर’ होते. ती टर्मशीटवर व्याज, मुदत, तारण ठरवते, प्रकल्पाची माहिती देणारं मेमोरँडम बांधते आणि इतर बँकांना पाठवते. मग सुरू होतो प्रश्नांचा मारा: जमीन ताब्यात आली का? प्रवर्तकाचा वाटा कुठून येणार? वाहनांचा अंदाज कुणी काढला? प्रत्येक बँकेची मंजुरी आपापल्या समितीतून येते, आणि सगळे एकमेकांची वाट पाहत थांबतात. अरेंजरने पूर्ण रकमेचं अंडररायटिंग केलं असेल, तर न खपलेला वाटा त्याच्याच गळ्यात पडतो. शेवटी करार एकच होतो, तारण ट्रस्टीकडे जातं आणि हप्ते एजंट बँक वाटून देते.

दोन्हीकडे मोह सारखाच: दुसऱ्याने तपासलंय, आपण कशाला? पण अशा कर्जकरारांत प्रत्येक बँकेने स्वतंत्र पडताळणी केल्याचं सहसा लिहून घेतलेलं असतं. दैनिकातही मुद्रक-प्रकाशकांच्या बारीक ओळींत मजकुराच्या निवडीची जबाबदारी संपादकावर टाकलेली आढळते. सिंडिकेशनमुळे खर्च वाटला जातो, जोखीमही वाटली जाते. वाचण्याचं काम मात्र ज्याचं त्यालाच करावं लागतं.