पेटीवर तारा चढवणारे चिमोटे

१९४८ साली नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झालं, तेव्हा भजनी मंडळापासून नाटकाच्या तालमीपर्यंत कुठेच पेटीवाचून पान हलत नव्हतं. रेडिओवर मात्र पेटीला मज्जाव होता. मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओच्या सगळ्या केंद्रांवर हार्मोनियमला बंदी होती. ती १९७१ मध्ये उठली, तीही अर्धीमुर्धी. साथीपुरती मुभा मिळाली, एकलवादनाला बराच काळ दार बंदच राहिलं.

या बंदीला हवा दिली ती जॉन फाउल्ड्स या इंग्रज संगीतकाराने. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहताना त्याने १९३८ मध्ये पेटीविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथ ठाकूरही पेटीच्या विरोधातच होते. परदेशी वाद्य म्हणून पेटीला हाकलायला एक इंग्रज पुढे यावा, ही गंमत तेव्हा फारशी कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

पेटी परदेशी, हे खरंच. तिचं घराणं थेट युरोपातल्या चर्चच्या ऑर्गनचं. हॉलंडमधल्या हारलेम गावी सिंट बावो चर्चमध्ये ख्रिस्तियान म्युलर याने १७३८ मध्ये पूर्ण केलेला ऑर्गन आजही वाजतो. त्याला पाच हजारांवर नळ्या आहेत, आणि दहा वर्षांचा मोझार्ट १७६६ मध्ये त्यावर हात फिरवून गेला. असला पसारा लहान प्रार्थनाघराला कुठून परवडणार? त्यावर तोड म्हणून नळ्यांऐवजी पितळी जिभांवर वारा सोडणारं छोटं वाद्य निघालं. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ मध्ये अशा वाद्याचं हार्मोनियम या नावाने पेटंट घेतलं. ते पायाने भाता मारायचं होतं. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे नेला, पाय काढून टाकले आणि जमिनीवर मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी घडवली. एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर.

महाराष्ट्राने दोन्ही भावंडं सांभाळली. गोविंदराव टेंबे हातपेटीचे बादशहा. १९११ च्या ‘मानापमान’ला चाली त्यांच्याच. गायक-नट बालगंधर्व यांच्या पदांमागे घुमायचा तो पायाचा ऑर्गन, हरिभाऊ देशपांडे यांच्या हातचा. या ऑर्गनमध्ये बहुधा वारा आत ओढला जातो, हातपेटीत तो बाहेर ढकलला जातो. ऑर्गनचा आवाज मऊ लागतो, तो पुष्कळसा यामुळे.

पेटीवादक मनोहर चिमोटे यांचा जन्म १९२९ चा, नागपूरचा. पुढे त्यांची कर्मभूमी मुंबई झाली. त्यांचे गुरू पंडित भीष्मदेव वेदी. पेटीसाठी तंतकारीच्या वळणाने, म्हणजे सतार-सरोदाच्या अंगाने, खास रचना बांधण्याचा विचार करणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत वेदींचं नाव घ्यावं लागतं. पेटीच्या डोक्यावर तारांचा खोका बसवण्याची कल्पनाही त्यांचीच मानतात. चिमोट्यांनी ती हाती घेऊन मुरवली. पट्ट्यांच्या वर स्वरमंडल, म्हणजे तो तारांचा खोका, बसवलं, वाद्य पट्टीवरच्या दाबाला चटकन दाद देईल असं केलं आणि त्याला संवादिनी म्हटलं. ते नाव आता रुळलं आहे.

ही काय भानगड आहे ते पेटी उघडल्याशिवाय कळत नाही. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकाची झडप उचलली जाते आणि खालच्या भोकातून वारा सुटतो. भोकाखाली ओळीने बसवलेले सूर असतात: पितळेच्या चौकटीत एका टोकाला जखडलेली पातळ जीभ. ती थरथरली की स्वर. जुळवणारा कारागीर ही जीभ कानसतो. टोकाकडे घासली तर स्वर चढतो, बुडाशी घासली तर उतरतो; एक घास जास्त झाला की पुन्हा उलट बाजूने सुरुवात. खर्ज, नर, मादी अशा ओळी एकमेकींशी मिळवताना दिवस जातो. पूर्वी हे सूर जर्मनी-पॅरिसहून यायचे आणि जुनी पेटी विकताना आजही ‘जर्मन सूर’ म्हटलं की भाव वाढतो. आता मुख्य पुरवठा गुजरातेतल्या पालिताण्याचा.

पण एकदा कानसून बसवलेला स्वर जागचा हलत नाही, आणि आक्षेप घेणाऱ्यांचं मुख्य बोट तिथेच होतं. स्वरावरून स्वरावर घसरत जाणारी मींड काढता येत नाही, दरबारीचा गंधार झुलवता येत नाही. शिवाय सप्तक बारा सारख्या भागांत तोडलेलं. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले, तर तंबोऱ्यातून आपसूक ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा पेटीचा शुद्ध गंधार सुमारे चौदा भाग चढा लागतो. तयार कानाला हे खुपतंच.

चिमोट्यांच्या तारांनी हा गंधार दुरुस्त झाला, असं कुणी म्हणू नये. तारांनी वेगळं काम केलं. पेटीचा स्वर पट्टी सोडताच तुटतो, मागे काही उरत नाही. रागाच्या स्वरांत मिळवलेलं स्वरमंडल वर असलं की त्या तुटीत तारा बोलत राहतात. वाटलं तर वादक त्या छेडतोही. दोन स्वरांमधली उघडी जागा भरून निघते, आणि मींडेची उणीव भासते ती मुख्यतः त्याच जागेत. उरलेलं काम हाताचं. भात्याचा दाब श्वासासारखा कमी-जास्त करायचा, झडप अर्धीच उचलून स्वर हलकेच सुरू करायचा, एक पट्टी सुटण्याआधी दुसरीत शिरायचं. अशा वादनात आलाप, जोड, झाला हा सगळा तंतवाद्याचा क्रम मांडता येतो. साथीला बसून गवय्याच्या मागे धावणाऱ्या वाद्याला चिमोट्यांनी मैफलीत पुढे बसवलं, हे त्यांचं मोठं काम. २०१२ मध्ये ते गेले.

झडप अशी बोटाच्या ताब्यात ठेवण्याचं कोडं विसाव्या शतकातल्या डच ऑर्गनकारांपुढेही होतं. झांडामचे डिर्क फ्लेनट्रॉप यांचा काळ १९१० ते २००३. त्यांच्या उमेदीच्या काळात ऑर्गनची पट्टी आणि झडप यांच्यामध्ये वीज आणि हवेच्या नळ्या शिरल्या होत्या. बोटाचा नाजूक दाब वाटेतच हरवायचा. फ्लेनट्रॉप यांनी जुन्या ऑर्गनांची दुरुस्ती करता करता लाकडी दांड्यांची थेट जोडणी परत आणली. १९५८ मध्ये त्यांचा असा ऑर्गन अमेरिकेत हार्वर्डला बसला आणि तिकडची बरीच मंडळी जुन्या पद्धतीकडे वळली. गरीब घरच्या हातपेटीला या लढाईची गरजच पडली नाही, तिच्यात बोट आणि झडप यांच्यामध्ये एक लाकडी पट्टी सोडली तर काहीच नसतं. अर्धी झडप उचलण्याचं चिमोट्यांचं कसब उभं राहिलं ते या साधेपणावर.

श्रुतींचा प्रश्न दुसऱ्या वाटेने सोडवण्याचा उद्योग डॉ. विद्याधर ओक यांनी केला. त्यांच्या बावीस श्रुतींच्या पेटीत षड्ज आणि पंचम अचल, बाकीच्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन-दोन सूर. पट्टीखालची कळ ओढली की त्या स्वराची दुसरी श्रुती वाजते, म्हणजे राग बदलला की आधी कळा लावून घ्यायच्या. संवादिनीवाल्यालाही राग बदलताना तारा मिळवायला थांबावं लागतंच. साथीच्या पेटीवाल्याला तेवढी सवड कोण देणार? गायकाने ऐन वेळी काळी एक सोडून पांढरी चार धरली, तरी त्याला स्केलचेंजची खटकी सरकवून मुखडा यायच्या आत तयार व्हावं लागतं. म्हणून ही दोन्ही वाद्यं अजून तरी मुख्यतः एकलवादकांची आहेत, आणि नागपूरच्या भजनी मंडळांत साधी पेटीच चालते.