गाडीशिवाय लॉस एंजेलिस

"इथे गाडी नसेल तर घरातच बसा," हे लॉस एंजेलिसला मुलांकडे आलेल्या आई-बाबांना हमखास ऐकवलं जातं. मला ते अजिबात पटत नाही!

आधी मेट्रोच्या बस-रेल्वेचं भाडं भरायचं टॅप कार्ड घ्या. एका प्रवासाचं भाडं १.७५ डॉलर, आणि तेवढ्यात दोन तासांपर्यंत मेट्रोच्या बस-रेल्वे बदलत एकाच दिशेने पुढे जाता येतं. त्याच कार्डावर दिवसाचे ५ डॉलर झाले की त्या दिवशी पुढे भाडं कापलं जात नाही.

खरं तर हे शहर वाढलंच रुळांच्या काठाने. पॅसिफिक इलेक्ट्रिक या रेल्वे कंपनीच्या लाल गाड्यांचं जाळं एकेकाळी हजार मैलांहून मोठं होतं. त्यातली शेवटची, लाँग बीचची गाडी १९६१मध्ये बंद पडली. १९९०मध्ये बऱ्याच अंशी त्याच मार्गावर लाइट रेल आली. तीच आजची ए लाइन. २०२५मध्ये ती पोमोनापर्यंत पोचली आणि सुमारे ९३ किलोमीटरची झाली. जगातली सर्वांत लांब लाइट रेल या मोटारींच्या शहरात आहे, ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो.

समुद्र बघायचाय? ई लाइनने थेट सांता मोनिका. स्टेशनपासून किनारा चालत काही मिनिटांवर. ग्रिफिथ वेधशाळेसाठी बी लाइनने व्हरमाँट-सनसेटला उतरा आणि डॅश बस पकडा. वेधशाळेत प्रवेश मोफत आहे, डोंगरावर पार्किंग शोधण्याचा तापही वाचतो. रात्री उशिरा मात्र गाड्यांमधलं अंतर वाढतं, तेव्हा परतीची वेळ आधीच बघून ठेवा.