दुबईस जातांना पेटींत काय घ्यावें?

उन्हाळ्याच्या सुटींत आमचे जे विद्यार्थी आप्तांकडे दुबईस जातील, त्यांच्या पालकांस चार गोष्टी सुचवितों. आपलें वाशिमचें ऊन कोरडें. तिकडील समुद्रकांठीं हवा दमट, घाम वाळत नाहीं. सबब सैल, सुती व पूर्ण बाह्यांचे कपडे घ्यावे. अबू धाबीची शेख झायेद मशीद (२००७) पाहावयाची असल्यास स्त्रियांनीं मस्तक झांकावें, मनगट व घोटा यांपर्यंत अंगही. पुरुषांस अर्धी विजार चालत नाहीं.

परंतु कपड्यांहून अधिक जपावें तें फराळाच्या डब्यास! खसखस हें अफूच्या बोंडांतील बीं. तेथें तें कायद्यानें निषिद्ध असून तुरुंगवासही घडूं शकतो. आजीचे अनारसे कितीही प्रेमाचे असोत, ते व खसखस घातलेला मसाला घरींच ठेवावा. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधास आगाऊ परवानगी लागते.