विश्लेषण : इंजिनाला हात न लावता स्पोर्ट्स कार वेगवान कशी होते? ‘स्ट्रीट टायर ऑटोक्रॉस’चे गणित काय?

मोकळ्या काँक्रीटच्या मैदानावर मांडलेले नारिंगी शंकू, त्यातून नागमोडी धावणारी एकच गाडी आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारे घड्याळ. ऑटोक्रॉस हा अमेरिकेत सर्वसामान्य वाहनचालकाच्या आवाक्यातला मोटर-क्रीडाप्रकार मानला जातो. त्यातील ‘स्ट्रीट’ गटात इंजिनाची ताकद वाढवण्याला जवळपास वावच नाही. तरीही एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन सारख्या गाड्यांच्या वेळेत मोठा फरक पडतो. तो कशामुळे?

ऑटोक्रॉस म्हणजे काय?

भारतात या नावाच्या स्पर्धा बऱ्याचदा मातीच्या मैदानावर होतात. अमेरिकेतील ऑटोक्रॉस मात्र वाहनतळ किंवा धावपट्टीसारख्या पक्क्या पृष्ठभागावर होते. १९४४ मध्ये स्थापन झालेला ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ (एससीसीए) हा प्रकार ‘सोलो’ या नावाने चालवतो. एका फेरीला साधारण अर्धा ते एक मिनिट लागतो. मार्ग दर वेळी नवा असतो आणि त्यावर गाडीने सराव करता येत नाही. आधी पायी फिरून तो पाठ करायचा. शंकू पाडला किंवा त्याच्या आखलेल्या चौकटीतून बाहेर ढकलला, तर वेळेत दोन सेकंदांची भर पडते. नेब्रास्का राज्यातील लिंकन येथे होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत हजाराहून अधिक स्पर्धक उतरतात. तिथे दोन दिवस, दोन वेगळ्या मार्गांवर प्रत्येकी तीन फेऱ्या मिळतात आणि दोन्ही दिवसांच्या सर्वोत्तम वेळांची बेरीज धरली जाते. म्हणजे वर्षभराच्या तयारीचा निकाल जेमतेम सहा मिनिटांत लागतो.

‘स्ट्रीट टायर’ची अट का आली?

पूर्वीच्या ‘स्टॉक’ गटात गाडी मूळ रूपात ठेवावी लागे, पण टायर मात्र जवळपास शर्यतीचे चालत. ते महाग असत आणि लवकर संपत. २०१४ पासून ‘स्टॉक’ची जागा ‘स्ट्रीट’ गटाने घेतली. आता या गटातील टायरचा ‘ट्रेडवेअर’ अंक किमान २०० असावा लागतो. हा अंक झिजेशी संबंधित आहे. टेक्सासमधील सॅन अँजेलोजवळ ठरलेल्या मार्गावर सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर गाड्या चालवून टायरच्या झिजेची तुलना मानक टायरशी केली जाते. मानकाचा अंक १०० धरला, तर २०० म्हणजे दुप्पट टिकाऊ, असा त्याचा ढोबळ अर्थ. मात्र हा अंक सरकार देत नाही, टायर कंपनी स्वतः जाहीर करते. शिवाय तो झीज सांगतो, पकड नाही. त्यामुळे २०० अंकाचे दोन टायर मैदानावर अगदी वेगळे वागू शकतात. योकोहामाचा ‘अ‍ॅडव्हान ए०५२’ किंवा ब्रिजस्टोनचा ‘पोटेंझा आरई-७१आरएस’ हे अशा टायरपैकी नावाजलेले आहेत.

काय बदलता येते, काय नाही?

चौथ्या पिढीतील ‘माझदा एमएक्स-५ मियाटा’ हे चांगले उदाहरण आहे. ही दोन आसनी गाडी वजनाने साधारण १,०६० किलो, मागच्या चाकांवर चालणारी आणि पुढे-मागे जवळपास समान भार असलेली आहे. ‘स्ट्रीट’ गटात तिच्या स्प्रिंग आणि सस्पेन्शनमधील रबरी बुश मूळचेच ठेवावे लागतात. चाकाची रुंदी तीच राहते, व्यास एक इंचाने कमी-जास्त चालतो. बदलता येतात ते टायर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ब्रेक पॅड आणि पुढचा किंवा मागचा यांपैकी एकच अँटी-रोल बार. अलाइनमेंट कारखान्याने दिलेल्या समायोजनाच्या मर्यादेतच करता येते. याचा अर्थ उघड आहे. ताकद वाढवता येत नसेल, तर आहे ती पकड वाया जाऊ न देणे एवढेच हाती उरते.

वळणावर टायरचे काय होते?

चालकासह गाडीचे वजन ११३५ किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटीमीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर दीड मीटर धरू. गाडी सरळ उभी असताना प्रत्येक बाजूवर साधारण ५६७ किलो भार असतो. गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराने, म्हणजे एक ‘जी’ने गाडी वळली, तर सुमारे ३४० किलो भार आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला सरकतो. आतल्या चाकांवर उरतात सव्वादोनशे किलो आणि बाहेरच्यांवर येतात नऊशेच्या वर. अडचण अशी, की टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. आतल्या टायरने गमावलेली पकड बाहेरचा टायर पूर्ण भरून काढू शकत नाही. त्यात गाडी बाहेरच्या बाजूला कलली, की तो टायरही तिरका होऊन फक्त कडेवर टेकतो. सेटअपमधली सगळी खटपट हे नुकसान कमी करण्यासाठी असते.

अलाइनमेंटने काय साधते?

चाक समोरून पाहिल्यास वरून किंचित आत झुकलेले ठेवतात. याला ‘निगेटिव्ह कॅम्बर’ म्हणतात. वळणावर गाडी कलली, की असे चाक सरळ होते आणि टायरची पूर्ण रुंदी जमिनीला लागते. म्हणून स्पर्धक पुढच्या चाकांना मूळ समायोजन जेवढे देईल तेवढा कॅम्बर घेतात. दुसरे माप ‘टो’चे. पुढची चाके वरून पाहिल्यास नखभर बाहेर वळलेली असली, तर गाडी स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद देते. मागची चाके किंचित आत वळलेली ठेवली, तर वेगात दिशा बदलताना मागचा भाग सावरलेला राहतो.

बार आणि शॉक कशासाठी?

अँटी-रोल बार ही डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पिळाची दांडी. तिने एकूण सरकणारा भार फारसा बदलत नाही. तो पुढे किती आणि मागे किती, ही वाटणी बदलते. मियाटासारख्या गाडीत पुढचा बार जाड केला, तर वळणातून बाहेर पडताना मागचे आतले चाक जमिनीला धरून राहते आणि अ‍ॅक्सिलरेटर लवकर दाबता येतो. फार जाड केला, तर मात्र स्टिअरिंग वळवूनही गाडीचे नाक सरळच जात राहते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत बहुतेक जण उलट करतात आणि मागचा बार जाड घेतात.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर भार सरकण्याचा वेग ठरवतात. शंकूंच्या रांगेत गाडी क्षणाक्षणाला डावी-उजवी होते. आधीचा झोल शमण्याआधी दुसरा सुरू झाला, तर चालकाचा अंदाज चुकतो. स्प्रिंग बदलता येत नसल्याने चांगल्या शॉकचे मोल वाढते. म्हणूनच या गटातला सर्वात मोठा खर्च अनेकदा इथेच होतो.

हवेचा दाब कसा ठरवतात?

सर्वात स्वस्त आणि तरीही निर्णायक उपाय हाच. टायरच्या कडेवर खडूने उभ्या रेघा ओढतात आणि फेरीनंतर खडू कुठवर पुसला गेला ते पाहतात. अनेक टायरच्या कडेवर यासाठी उपयोगी पडणारा छोटा त्रिकोणही असतो. खडू त्या खुणेच्या खाली पुसला गेला, तर टायर दुमडतो आहे आणि हवा वाढवायला हवी. खडू खुणेपर्यंत पोहोचलाच नाही, तर हवा जास्त आहे. बदल एक-दोन पीएसआयचेच करतात. टायर तापला की दाब वाढतो, त्यामुळे प्रत्येक फेरीआधी तो पुन्हा मोजावा लागतो. एकाच गाडीत दोन चालक आळीपाळीने उतरत असतील, तर टायरवर पाणी मारून ते थंड करतात. अति तापलेला मऊ रबर पकड सोडतो.

सोमवारी ऑफिसला जाताना काय?

यातली अनेक वाहने एरवी रस्त्यावर धावतात, आणि खरी गोम इथे आहे. बाहेर वळवलेल्या चाकांमुळे हायवेवर गाडी सरळ रेषेत अस्वस्थ होते आणि टायरची आतली कड लवकर झिजते. ही झीज उभ्या गाडीत सहज दिसतही नाही. मऊ रबर थंडीत कडक होतो. तापमान सात अंश सेल्सियसच्या खाली गेले की उन्हाळी टायरची पकड घटते. झिजल्याने खाचा उथळ झाल्या, तर साचलेल्या पाण्यावरून टायर तरंगण्याचा धोका वाढतो. म्हणून अनेक स्पर्धक चाकांचा दुसरा संच बाळगतात, तो मैदानावर बसवतात आणि परतताना उतरवतात. रोजच्या गाडीत नवखे स्पर्धक पुढचा टो शून्यावर ठेवण्याची तडजोड करतात.

सुरुवात कुठून करावी?

अनुभवी स्पर्धकांचा क्रम साधा असतो. आधी गाडीतील सुट्या वस्तू काढणे, चाकांचे नट आणि बॅटरीची पकड तपासणे. मग हवेचा दाब, नंतर अलाइनमेंट, त्यानंतर टायर आणि शेवटी बार व शॉक. एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याची नोंद ठेवायची, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फायदा कशाचा झाला हे कळत नाही. महागड्या शॉकने वाचवलेले दशांश एका पाडलेल्या शंकूत निघून जातात. त्यामुळे पहिल्या मोसमात पैसे सुट्या भागांपेक्षा प्रवेश शुल्कावर, म्हणजेच जास्त फेऱ्यांवर खर्च करणे अधिक फायद्याचे ठरते.