पहिलें पिस्तूल आणि भरलें घर

चाकणकडे लहानसा कारखाना चालविणारे आमचे एक स्नेही खंडणीच्या भयानें परवां विचारूं लागले, "परवडेलसें पिस्तूल कोणतें घ्यावें?" परवाना? तो अद्याप काढलाच नव्हता! १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें तो आधीं हवा. वयाचीं २१ वर्षें पुरीं हवींत. चाकणकरांस त्यासाठीं २०१८ सालीं स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करावा लागतो.

परवान्यानंतर निवड फारशी उरत नाहीं. ९ मिलिमीटरचें पिस्तूल सामान्य नागरिकास निषिद्ध. तेव्हां बहुधा ३२ बोअरच. आयात जवळजवळ बंद असल्यानें देशांतल्या जुन्या परदेशी पिस्तुलांस भलताच भाव येतो. म्हणून बेताच्या ऐपतीच्या माणसानें ईशापूरच्या सरकारी कारखान्याचें 'अशनि' पाहावें, हें खरें.

आम्ही अडलों तें मात्र किंमतीवर नव्हे. रिव्हॉल्व्हर उघडलें कीं चक्रांतील साऱ्या गोळ्या एका दृष्टींत दिसतात. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचें मॅगझिन काढलें तरी नळीच्या मुळाशीं चढलेली एक गोळी आंतच राहते. सरकता भाग मागें ओढून ती काढावी, जागा डोळ्यांनीं पाहावी, बोटानें चांचपावी. नवशिका मॅगझिन काढून 'रिकामें झालें' म्हणतो आणि कपाटांत ठेवतो. आमच्या स्नेह्यांच्या घरीं लहान मुलें पांच. आणि कपाटाची किल्ली देवघरांतल्या खुंटीवर, सर्वांना ठाऊक!

हें ऐकून त्यांच्या मातोश्री उठल्या नि किल्ली काढून कनवटीस लावती झाल्या. स्नेह्यांनीं अर्ज अजून केलेला नाहीं. भिंतींत बसविण्याच्या पोलादी तिजोरीची चौकशी मात्र चालू आहे.